गटाच्या फोनचा डिस्प्ले: वॉरंटीच्या पाठपुराव्याच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

अनंत चतुर्दशी शनिवारी झाली आणि आज आमच्या फराळ करणाऱ्या बायकांच्या गटाच्या फोनवर हिरवी रेघ उमटली. उजव्या कडेपासून बोटभर आत, वरपासून खालपर्यंत, सरळ उभी. केसाएवढी बारीक, पण इतकी झगझगीत की ऑर्डरच्या यादीतले आकडे तिच्याखाली जातात. २५० ग्रॅम की ७५० ग्रॅम ते कळत नाही. सकाळी गटाच्या अध्यक्ष काकूंनी मोदकांचा हिशेब मिटवायला फोन उघडला तेव्हा ती होती. अर्ध्या तासाने गेली. दुपारी चार्जिंगला लावल्यावर परत आली. फोन पडलेला नाही, काचेवर साधा चरासुद्धा नाही.

फोन बायकांच्या बचतीतून घेतलेला आहे. म्हणून जे जे होईल ते तारखेसकट इथे लिहून ठेवणार आहे. ज्यांना सर्व्हिस सेंटरला यायला जमणार नाही त्यांनाही सगळं कळलं पाहिजे.

मूळ माहिती: खरेदी २९ ऑक्टोबर २०२४, धनत्रयोदशीच्या दिवशी, १८,९९९ रुपयांना. बिल अध्यक्ष म्हणून काकूंच्या नावावर. वॉरंटी बारा महिने, म्हणजे २८ ऑक्टोबर २०२५ पर्यंत. डायलरवर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचे ओळख क्रमांक, पाहिले. दोन सिमचे दोन क्रमांक येतात, त्यातला पहिला बिलावर आहे आणि पंधराही आकडे जुळतात. बिलाचा फोटो काढून मेलवर ठेवला, कारण त्या थर्मल कागदावरची अक्षरं आत्ताच पुसट व्हायला लागली आहेत.

लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. चकली-चिवड्याच्या ऑर्डरी शेवटपर्यंत घेता येतात, अनारशांच्या नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सुकवून कुटायचे आणि गूळ घालून पीठ मुरत ठेवायचं. दसरा झाला की यादी पक्की लागते, आणि ती यादी याच फोनवर येते.

१० सप्टेंबर, बुधवार

रात्री रेघ दिसत असतानाच स्क्रीनशॉट घेतला आणि लगेच माझ्या फोनने गटाच्या फोनचा फोटो काढला. फोटोत रेघ आहे, स्क्रीनशॉटमध्ये नाही. माझ्या मते आपल्या हातातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच. स्क्रीनशॉट घेताना फोन आपल्या मेमरीत तयार झालेलं चित्र उचलतो, पडद्यावर काय उमटलं ते त्याला ठाऊकच नसतं. त्या चित्रात रेघ नाही, म्हणजे व्हॉट्सॲप, अँड्रॉइड, अपडेट यांच्या माथी दोष मारता येणार नाही. बिघाड पडद्यात किंवा पडदा जोडणाऱ्या पट्टीत आहे.

वहिनींनी विचारलं, रेघ उभीच का आणि हिरवीच का? ॲमोलेड पडद्यात मागे वेगळा दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. ठिपक्यांच्या प्रत्येक उभ्या रांगेला किती उजळायचं हे सांगणारी एक अतिसूक्ष्म तार असते, आणि या सगळ्या तारा खालच्या कडेला डिस्प्लेच्या चिपपाशी येऊन मिळतात. तिथले सांधे धातूचे कण मिसळलेल्या गोंदाने चिकटवलेले असतात. एक सांधा सुटला की ती अख्खी रांग मोकाट सुटते. हिरव्याचं म्हणाल, तर अशा बहुतेक पडद्यांत हिरवे ठिपके तांबड्या किंवा निळ्या ठिपक्यांच्या दुप्पट असतात, आणि आपल्या डोळ्यालाही हिरवा रंगच सर्वांत चटकन जाणवतो.

१३ सप्टेंबर, शनिवार

काकूंसोबत दादर पश्चिमेच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेऊन बसलो. आमचा नंबर येईपर्यंत एसीत फोन गार झाला आणि रेघ गायब. काउंटरवरच्या मुलाने पडदा पांढरा करून पाहिला, इकडे तिकडे बोट फिरवलं आणि म्हणाला, "मॅडम, आत्ता तर ओके आहे. सॉफ्टवेअर टाकून देतो." फोटो दाखवले. त्याने पाहिलेही, पण फोटोवरून डिस्प्ले बदलता येत नाही, दोष आमच्यासमोर दिसला पाहिजे, असं सांगितलं.

सॉफ्टवेअर टाकलं की डेटा जाईल, म्हणून ते करू दिलं नाही. मात्र जॉबशीट, म्हणजे तक्रार आणि तपासणी नोंदवलेला सेंटरचा कागद, आग्रहाने घेतली. तिच्यावर "तपासणीत दोष आढळला नाही" असं आलं आहे. काकूंना ते वाचून वाईट वाटलं. मला मात्र तो कागद हवाच होता: १३ तारखेला, वॉरंटीच्या आत, याच दोषाची तक्रार घेऊन आपण आलो होतो, हे आता त्यांच्याच शिक्क्याने सिद्ध होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

मी पवईला सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. तिथे एक गोष्ट रोज अनुभवायला मिळते: जो दोष पुन्हा करून दाखवता येत नाही, तो कोणीही मान्य करत नाही, मग तो कितीही खरा असो. सर्व्हिस सेंटरचंही तेच आहे. तेव्हा आज दिवसभर एकच काम केलं, रेघ केव्हा येते ते शोधणं.

ब्राइटनेस पूर्ण, फोन चार्जिंगला आणि कॅमेऱ्यावर व्हिडिओ चालू. साधारण पंधरा मिनिटांत फोनची पाठ हाताला कोमट लागते आणि रेघ येते. चार्जर काढून पंख्याखाली ठेवला की हळूहळू जाते. गार फोनवर नुसतं ब्राइटनेस वाढवून येत नाही. म्हणजे कारण उष्णता. तापल्यावर वेगवेगळे थर कमीजास्त प्रसरण पावतात आणि सैल झालेला सांधा सुटतो, असा माझा अंदाज.

हा सगळा प्रयोग न थांबवता एकाच व्हिडिओत घेतला. सुरुवातीला बिल, मग *#०६# चा आकडा, मग भिंतीवरचं घड्याळ, आणि शेवटी रेघ. तुकडे जोडलेला व्हिडिओ कोणालाही शंका घ्यायला जागा देतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

रेघेच्या चार रेघा झाल्या, आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला उजवीकडचा अर्धा पडदा काळा पडला. आता दोष लपणार नाही. पण आधी फोनमधलं सगळं बाहेर काढायला हवं, कारण वॉरंटी फोनची असते. आतल्या ऑर्डरी, ग्राहकांचे नंबर, मावशींनी आवाजात सांगून ठेवलेलं चकलीच्या भाजणीचं प्रमाण, यांची जबाबदारी कोणतंही सर्व्हिस सेंटर घेत नाही; फॉर्मवर तसं छापलेलंच असतं.

डावा अर्धा दिसत होता आणि टच सगळीकडे चालत होता. ॲमोलेड मॉड्यूलमध्ये चित्राचा थर आणि स्पर्शाचा थर वेगळे असतात, त्यामुळे पडदा काळा होऊनही बोट कळतं. सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं, डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या लॅपटॉपला फोन हाताळू देणारी सोय) चालू केलं. परवानगीचं बटण काळ्या भागात होतं. फोन आडवा केल्यावर ते दिसणाऱ्या भागात आलं. नंतर लॅपटॉपवर एससीआरसीपीवाय (scrcpy) हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावला आणि पूर्ण पडदा लॅपटॉपवर दिसायला लागला, स्वच्छ, एकही रेघ नसलेला. वहिनी शेजारीच होत्या, त्यांनी टाळीच वाजवली.

पडदा पूर्ण जाण्याआधी डीबगिंग चालू केलेलं नसेल तर हा मार्ग बंद होतो. म्हणून गटातल्या सगळ्यांना सांगणं आहे: स्वतःच्या फोनवर अशी रेघ दिसली तर दुरुस्तीचा विचार मागाहून, आधी त्याच दिवशी बॅकअप.

काय काय काढलं: संपर्कांची फाइल, सगळे फोटो, व्हॉट्सॲपचा गूगल ड्राइव्हवर बॅकअप. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडून ठेवलं. एकदा जोडलं की फोन बंद असला तरी ते चालतं, फक्त फोन चौदा दिवसांहून जास्त वापरात नसेल तर आपोआप तुटतं. ही मुदत महत्त्वाची आहे.

पैशांची काळजी नको. डब्यावर आणि स्टॉलवर चिकटवलेला क्यूआर बँक खात्याला जोडलेला आहे, फोन बंद असला तरी पैसे खात्यात येतातच. फक्त आल्याचं कळायला एसएमएस लागतो. त्यासाठी फोन जमा करताना सिम वहिनींच्या जुन्या फोनमध्ये घालायचं, मात्र तिथे त्या नंबरने व्हॉट्सॲप उघडायचं नाही. उघडलं तर लॅपटॉपवरचं निघून जाईल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

करी रोड स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने फोल्डर, म्हणजे काचेसकट डिस्प्ले, तासाभरात बदलून देतो म्हटलं, सेंटरपेक्षा बऱ्याच कमी पैशांत. माणूस ओळखीचा आणि हाताचा चांगला आहे. वॉरंटी संपली असती तर त्याच्याकडेच दिला असता. पण बाहेर उघडलेला फोन कंपनी वॉरंटीत घेत नाही, आणि आपल्याला अजून महिनाभराची मुदत आहे. नको म्हटलं. त्याने मात्र जाता जाता एक उपयोगी गोष्ट सांगितली: "सेंटरवाले पाणी गेलंय म्हणतील. उघडताना समोर उभ्या राहा."

२० सप्टेंबर, शनिवार

आज त्याचा शब्द खरा ठरला. अर्धा पडदा काळा, त्यामुळे दोष आहे की नाही हा प्रश्नच आला नाही. फोन आत नेऊ लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "बाळा, आमच्यासमोर उघड." आधी नियम नाही म्हणाला, मग त्याच्या वरिष्ठांना विचारून काचेच्या टेबलापाशी यायला दिलं.

तंत्रज्ञ म्हणाला, आत ओलावा दिसतोय, हे वॉरंटीत बसणार नाही, डिस्प्लेचे ८,४०० रुपये होतील. मी विचारलं, कशावरून? फोनमध्ये पाणी कळण्यासाठी छोटे स्टिकर असतात, पांढरे. पाणी लागलं की लाल-गुलाबी होतात आणि पुन्हा पांढरे होत नाहीत. सिमचा ट्रे काढून त्याच्याच टॉर्चने आत पाहिलं. खाचेच्या भिंतीवर तांदळाच्या कणीएवढा चौकोन, कोरा पांढरा. बॅटरीशेजारी दुसरा होता, तोही पांढरा. कनेक्टरच्या पितळी दातांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर पाण्याची खूण मानता येईल, तो कुठे आहे ते दाखवा म्हटलं. नव्हता. मग तो म्हणाला, "मुंबईत पावसाळ्यात असं होतं." मुंबईत विकलेला फोन मुंबईच्या हवेत चालला पाहिजे, एवढंच काकू बोलल्या.

त्या मुलाचा मला राग नाही. त्याच्या संगणकावर कारण निवडायचे रकाने ठरलेले, आणि वॉरंटीत घ्यायचं तर वरून मंजुरी लागणार. पण त्याच्या सोयीसाठी गटाचे ८,४०० रुपये जाता कामा नयेत. जॉबशीटवर "द्रव गेल्याची शंका" असं छापून आलं. अंदाजपत्रकावर "मान्य नाही" लिहून काकूंनी सही केली. जॉबशीटवर मी हाताने लिहिलं: "सिम ट्रेमधील व बॅटरीजवळील दोन्ही स्टिकर पांढरे आहेत, ग्राहकासमोर पाहिले." तंत्रज्ञ थोडा घुटमळला, पण जे डोळ्यांनी पाहिलं त्याखाली त्याने सही केली. दोन्ही स्टिकरचे फोटो काढले. फोन परत घेतला.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

सकाळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं. तक्रार घेतली, क्रमांक दिला. हे न्यायालय नाही, निकाल देत नाही. तक्रार कंपनीच्या वरच्या कार्यालयात पोचवून उत्तर मागते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे, कारण दादरच्या काउंटरवर निर्णय घेणारा कोणीच बसत नाही.

त्याचबरोबर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला काकूंच्या नावाने मेल केली. छोटीच. खरेदीची तारीख, वॉरंटीची शेवटची तारीख, दोन्ही जॉबशीटचे क्रमांक, स्टिकरबद्दल तंत्रज्ञाच्या सहीची ओळ, आणि मागणी: डिस्प्ले विनाशुल्क बदलून द्यावा, नाही तर नाकारण्याचं कारण लेखी कळवावं. सोबत व्हिडिओ, स्क्रीनशॉट आणि फोटो. त्रास किती झाला याचा एक परिच्छेद वहिनींना घालायचा होता, तो काढला. तो खराच आहे, पण वाचणाऱ्याचं लक्ष तारखांवरून हलतं.

पुढची पायरीही पाहून ठेवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, जुलै २०२० पासून लागू आहे. जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्यासुद्धा. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, वकील हवाच असंही नाही. एक शंका मनात होती: आपण फोन धंद्यासाठी वापरतो, मग आपण ग्राहक ठरतो का? व्यापारी हेतूची खरेदी कायदा वगळतो, पण केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही. घरच्या ओट्यावर लाडू वळणाऱ्या बायकांना ही ओळ माहीत असायला हवी, म्हणून इथे लिहिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

कंपनीच्या मुंबई कार्यालयातून फोन आला. आवाज नम्र. डिस्प्ले वॉरंटीत बदलून मिळेल. मी म्हटलं, हेच मेलवर कळवा. तासाभरात मेल आली.

अर्धा दिवस रजा घेऊन फोन जमा केला. त्याआधी यूपीआयची ॲप काढली, गूगल खातं काढलं, मग रीसेट. खातं तसंच ठेवून फोन दुसऱ्या मार्गाने रीसेट झाला तर तो जुना पासवर्ड मागत अडून बसतो. पॅटर्न कोणाला सांगावा लागला नाही. सिम वहिनींच्या फोनमध्ये गेलं. ऑर्डरी लॅपटॉपवर घेते आहे आणि रोज रात्री वहीत उतरवते आहे. व्हॉट्सॲपची चौदा दिवसांची मुदत १० ऑक्टोबरला संपते.

३० सप्टेंबर, मंगळवार

फोन तयार असल्याचा मेसेज आला. काउंटर सोडण्याआधी तपासणी केली, मागे रांग असली तरी.

लॅपटॉपवरून आणलेली पूर्ण पांढरी, तांबडी, हिरवी, निळी आणि काळी चित्रं एकेक करून लावली. रेघ नाही. डेव्हलपर ऑप्शन्समधलं, बोट फिरेल तिथे रेषा दाखवणारं पॉइंटर लोकेशन चालू करून बोटाने पडदा वरपासून खालपर्यंत, जागा न सोडता घासला. खाली डाव्या कोपऱ्याशी, कीबोर्डच्या रांगेत, बोटाखालची रेषा प्रत्येक वेळी तुटत होती. तिथे अ टाइप होईना. बोटाचा ठसाही ओळखेना; पडद्याखालचा सेन्सर नवा डिस्प्ले बसल्यावर पुन्हा जुळवावा लागतो, ते केलं तेव्हा ठसा चालला, टच मात्र नाही.

"वापरून बघा, सेट होईल," असं सांगण्यात आलं. फोन घेतला नाही. पोचपावतीवर सही न करता "नव्या डिस्प्लेच्या डाव्या कोपऱ्यात टच चालत नाही" असं नव्या जॉबशीटवर लिहून घेतलं. एकदा "मिळाला, समाधानकारक" यावर सही केली की पुढचा सगळा भार आपल्या डोक्यावर येतो. त्याच १९१५ च्या तक्रारीत हे जोडलं आणि २६ तारखेच्या मेलला उत्तर म्हणून कंपनीलाही पाठवलं. दुरुस्त केलेला भागच सदोष निघाला आहे, आता हँडसेट बदलून द्यावा, अशी मागणी.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

सेंटर बंद. फराळाचे दर ठरले, पाटीवर लिहिले.

४ ऑक्टोबर, शनिवार

हँडसेट बदलीला मंजुरी. त्याच मॉडेलचा, त्याच रंगाचा नवा फोन मिळाला. सील सगळ्यांसमोर फोडलं, व्हिडिओ घेतला, ३० तारखेची पूर्ण तपासणी पुन्हा केली. कोपऱ्यातला अ उमटला तेव्हा काकूंनी तो स्वतः पुन्हा पुन्हा दाबून पाहिला.

बदली झाली की आयएमईआय बदलतो आणि जुनं बिल या फोनला लागू पडत नाही. म्हणून बदलीचं पत्र शिक्क्यासह घेतलं: जुना आयएमईआय, नवा आयएमईआय, बदलीची तारीख, वॉरंटी कधीपर्यंत. आधी "सिस्टीममध्ये असतं" म्हणाले. सिस्टीममध्ये असेलच, कागदही द्या म्हटल्यावर छापून दिलं. त्यावर बदली फोनची वॉरंटी ९० दिवस लिहिली आहे, म्हणजे मूळ मुदत संपल्यावरही जानेवारीपर्यंत. केवायएम (KYM) ही अक्षरं आणि पुढे नवा आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस पाठवून पाहिला. मॉडेलचं नाव बरोबर आलं.

६ ऑक्टोबर, सोमवार

नव्या फोनवर नंबर चढवला की लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप निघतं, म्हणून आधी मधल्या दिवसांतल्या सगळ्या ऑर्डरी वहीशी ताडून घेतल्या. मग सिम घातलं, ड्राइव्हवरून बॅकअप उतरवला. मावशींचं भाजणीचं प्रमाण वाजवून ऐकलं, आहे. यूपीआय पुन्हा नोंदवलं. फोन बदलल्यावर पहिले चोवीस तास पैसे पाठवायला ५,००० रुपयांची मर्यादा असते, म्हणून तूपवाल्याचं बिल परवा द्यायचं. पैसे येण्याला मर्यादा नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

१९१५ वरून तक्रार मिटली का विचारायला संदेश आला. मिटली, असं कळवलं.

फाइल बंद करते आहे. आतले कागद: मूळ बिल व त्याची झेरॉक्स, सगळ्या जॉबशीट, मेलच्या प्रती, बदलीचं पत्र. फाइल काकूंच्या कपाटात, वरच्या खणात. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता रोज रात्री दोनला आपोआप होतो. ड्राइव्हची जागा भरत आली की वहिनींनी मला सांगायचं. तूपवाल्याचे पैसे आज दुपारी गेले. अनारशांच्या ऑर्डरी रविवारी, १२ तारखेला रात्री बंद. मावशी सोमवारी तांदूळ भिजत घालणार आहेत.